सासरी लेकीचा संशयास्पद मृत्यू: माहेरच्यांनी काय करायचं, कोणत्या क्रमाने

अशा प्रकरणातली माणसं वकिलाकडे पोचतात ती बहुतेक वेळा चौथ्या महिन्यात, दोषारोपपत्र दाखल झाल्यावर. पिशवीत लग्नपत्रिका, पेपरची कात्रणं, मोर्चाचे फोटो आणि घडीवर फाटायला आलेली फिर्यादीची प्रत असते. फिर्यादीत सासरच्या नऊ जणांची नावं असतात आणि मारहाणीची एकही तारीख नसते. भांडण मुळात कशावरून होतं, असं विचारलं की बाप भलतंच कारण सांगतो, आणि नेमकं तेच फिर्यादीत नसतं. "का नाही लिहिलं?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तिथं चार जण म्हणाले, हुंडा लिहा, केस मजबूत होते."

केस तिथंच ढिली होते. कशी, ते पाचव्या टप्प्यात येईल.

मृत्यू १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा असेल तर नवे कायदे लागतात. हुंडाबळी म्हणजे जुनं ३०४-ब, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८०. छळ ४९८-अ, आता ८५. खून ३०२, आता १०३. आत्महत्येस प्रवृत्त करणं ३०६, आता १०८. पुरावा नष्ट करणं २०१, आता २३८. ठाण्यात अजून जुनेच आकडे बोलतात, त्याने गोंधळू नका. खाली जिथे 'नागरिक सुरक्षा संहिता' म्हटलंय ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली आहे.

## १. फोन आल्यावर, घरून निघण्याआधी

"पोरले बरं नही शे (पोरीला बरं नाही), लवकर या." जीव गेलेला असला तरी फोनवर बहुधा एवढंच सांगतात. हा फोन स्वतःच पुरावा आहे. कोणाचा आला, किती वाजता, शब्द काय होते, हे गाडीत बसल्याबसल्या कागदावर लिहून काढा. बापाला 'चक्कर येऊन पडली' सांगितलेलं असतं, मामाला 'गॅसचा भडका', आणि गावातल्या सोयऱ्याला 'विहिरीवर पाय घसरला'. पंधरा दिवसांनी हे कोणालाच नीट आठवत नाही.

मराठवाड्यातल्या एका खटल्यात सासरच्यांनी साप चावल्याचं सांगितलं होतं आणि शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पतीची जन्मठेप कायम ठेवताना सांगितलं की चार भिंतींच्या आत घडलेल्या मृत्यूचं कारण घरातल्यांनी द्यायला हवं. खोटं कारण दिलं तर ती पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी ठरते. मात्र ती कडी जोडायला मुळात कोणाला काय सांगितलं होतं ते कोणीतरी जपलेलं लागतं.

मग हे करा, याच क्रमाने:

१. ११२ वर फोन करून गावाचं नाव सांगा. मृत्यू संशयास्पद वाटतो, खोलीला हात लावू देऊ नका, असं स्पष्ट म्हणा. फोनची वेळ टिपून ठेवा.

२. त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन करा.

३. तिघांची कामं वाटून घ्या: एक दवाखान्यात, एक ठाण्यात, एक घरापाशी. घरापाशी जाणारा शांत डोक्याचा हवा. भाऊ नको.

४. लग्नपत्रिका किंवा विवाह नोंदणीचा दाखला, तिचं आधार, तिचे मोबाईल नंबर सोबत घ्या.

सावध. दोन गाड्या भरून माणसं नेऊ नका. सासरचं घर फोडलं किंवा दारातच सरण रचलं, की दोन गोष्टी होतात. घटनास्थळाचा पुरावा तुमच्याच पायाखाली जातो, आणि तुमच्यावर दंगलीचा गुन्हा दाखल होतो. पुढे तडजोडीला बसताना तोच गुन्हा तुमच्यापुढे ठेवला जातो.

## २. ती अजून श्वास घेत असेल तर

भाजलेली किंवा फवारणीचं औषध पोटात गेलेली बाई जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या सिव्हिलला येते तेव्हा बरेचदा बोलू शकते. औषध कोणतं होतं ते डॉक्टरांना आधी सांगा, डबा मिळाला तर तो पोलिसांमार्फत ताब्यात घ्यायला लावा. मग मृत्युपूर्व जबाबाचं बघा.

डॉक्टरांना आणि ठाणे अंमलदाराला लेखी विनंती द्या की कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून, म्हणजे बहुधा नायब तहसीलदाराकडून, जबाब नोंदवून घ्यावा. ती शुद्धीवर आहे, असा डॉक्टरांचा शेरा जबाबाआधी आणि नंतरही घ्यायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलंय की नोंदवणाऱ्याची खात्री पटली असेल तर केवळ डॉक्टरी शेरा नाही म्हणून जबाब बाद होत नाही. तरी शेरा असलेला बरा. उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

भाषेकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. बाई अहिराणीत "माले मारस" (मला मारतो) म्हणते आणि कागदावर उतरतं 'पतीकडून शारीरिक व मानसिक छळ होत असे'. हे वाक्य मी इतक्या जबाबांत वाचलंय की ते कोणाचंच राहिलेलं नाही. अहिराणीत बोलली तर अहिराणीत लिहा, असा आग्रह धरा. धडगाव, अक्कलकुव्याकडची भिली किंवा पावरी बोलणारी असेल तर दुभाषा कोण होता, त्याचं नाव कागदावर यायलाच हवं.

सावध. जबाबाच्या वेळी तुमच्यापैकी कोणीही खोलीत थांबू नका, सासरचंही कोणी थांबू देऊ नका. आई उशाशी बसलेली होती एवढ्यावर 'पढवलेला जबाब' असा बचाव उभा राहतो. दाखल होताना तिने नवऱ्यासमोर 'स्टोव्हचा भडका उडाला' सांगितलेलं असेल तर ते लपवू नका. तेव्हा पलंगापाशी कोण उभं होतं, तेवढं पुढच्या जबाबात येऊ द्या.

## ३. पंचनामे: देहाचा एक, जागेचा दुसरा

सुरुवातीला ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. ती गुन्ह्याची नोंद नव्हे. 'एडी (अ‍ॅक्सिडेंटल डेथ, म्हणजे हीच नोंद) दाखल झाली' ऐकून माहेरची माणसं निवांत होतात, आणि आठवड्याने कळतं की गुन्हा दाखल झालेलाच नाही.

लग्नाला सात वर्षं पूर्ण झालेली नसतील आणि मृत्यू आत्महत्या किंवा संशयास्पद असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्याने चौकशी करायलाच हवी. आई-वडील, भाऊ-बहीण यांना शक्य तिथे कळवून हजर राहू द्यावं, हेही त्याच कलमात आहे. तहसील कार्यालयातून कोणी आलेलं नसेल तर थांबा आणि लेखी मागणी द्या.

सात वर्षं उलटून गेली म्हणून काही करता येत नाही, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. सात वर्षांची अट हुंडाबळीच्या कलमाला आहे, खुनाला नाही. कलम १९४ प्रमाणे मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर लग्नाला वीस वर्षं झालेली असली तरी देह शवविच्छेदनाला पाठवावा लागतो. शंका आहे, हे लेखी देणं तुमचं काम.

देहाच्या पंचनाम्यात हे उतरलंय का पाहा: अंगावरच्या प्रत्येक जखमेची जागा आणि माप, फुटलेल्या बांगड्या, तुटलेलं मंगळसूत्र, नखं, ओठांच्या आतली बाजू, कपडे कुठे फाटलेत. पंच सासरच्या भाऊबंदांतले नकोत. तपासी अंमलदाराला हे बोलून दाखवायला लाजू नका.

जागेच्या पंचनाम्यात:

- गळफास असेल तर आढं किंवा कडी जमिनीपासून किती उंच, खाली स्टूल होतं का, दोर कापलेला की सोडलेला. गाठ कधीही सोडू नये. गाठीपासून लांब कापून ती तशीच जपायची असते.
- दाराची कडी आतून लावलेली होती असा दावा असेल तर दार तोडल्याच्या खुणा, कोयंडा, खिळे.
- विहीर असेल तर कठड्याची उंची, चपला कुठे होत्या, हंडा-दोर होता का, आणि त्याच विहिरीच्या पाण्याचा नमुना.
- भाजली असेल तर स्टोव्हमध्ये रॉकेल किती शिल्लक, गॅसची नळी शाबूत आहे का, भिंतीवर काजळी किती उंचीपर्यंत.

शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेल्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यावं, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. ती पुरती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, त्यामुळे आपोआप होईल असं धरू नका. 'फॉरेन्सिकची गाडी बोलवा' असा एक ओळीचा अर्ज द्या. जप्तीचं चित्रीकरण कलम १०५ प्रमाणे व्हायला हवं, त्याचीही आठवण करून द्या.

तपासा. त्या रात्री घरात नेमकं कोण होतं? नवरा शेतावर पाणी भरायला गेला होता की घरी? वरच्या २००६ च्या निकालाचा आधार मिळवायचा तर तो घरात होता हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करावं लागतं, त्यानंतरच त्याच्यावर स्पष्टीकरणाची जबाबदारी येते. शेजाऱ्यांनी पाहिलं का, दूध डेअरीवर कोण गेलं, मोटार कोणी चालू केली, हे त्याच दिवशी विचारून ठेवा. महिनाभराने शेजाऱ्यांना काही आठवत नाही. आठवलं तरी ते बोलत नाहीत.

## ४. शवविच्छेदन

हा एकच टप्पा असा आहे की तो चुकला तर दुरुस्ती नाही. दफन असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने देह पुन्हा बाहेर काढता येतो. आपल्याकडे अग्नी देतात.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात घाईने उरकण्यापेक्षा, न्यायवैद्यक विभाग असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करावं, असा अर्ज तपासी अंमलदाराला द्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी अशी महाविद्यालयं आहेत. दोन डॉक्टरांचं पथक आणि चित्रीकरण मागा. लोक त्याला 'इन कॅमेरा' म्हणतात.

रात्रीच उरका, सकाळी गर्दी होईल, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं त्यातून वगळली. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद.

डॉक्टरांनी काय शोधायचं ते त्यांना ठाऊक असतं. तुम्ही अहवाल वाचताना कुठे बघायचं ते मात्र तुम्हाला ठाऊक हवं. गळफासात वळ बहुधा हनुवटीखाली उंच, कानाकडे तिरका चढत गेलेला आणि अपुरा असतो. गळा आवळलेला असेल तर तो बहुधा आडवा, खालच्या बाजूला आणि सलग असतो. जिवंतपणी आगीत सापडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत काजळी मिळते. या नियमांना अपवाद आहेत, म्हणून वळाचं वर्णनच नसलेला अहवाल धोक्याचा: तज्ज्ञालाही नंतर काही सांगता येत नाही.

विष असल्याची शंका असेल तर व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवतात. तेव्हा अहवालात मृत्यूच्या कारणासमोर 'मत राखून ठेवले' असं येतं. इथे एक फट आहे आणि तिच्यातून केस निसटतात. प्रयोगशाळेचा अहवाल, म्हणजे 'सीए रिपोर्ट', आल्यावर तो डॉक्टरांना दाखवून अंतिम मत लेखी घ्यावं लागतं. कोणी ते मागतच नाही, आणि सुनावणीला डॉक्टर सांगतात, मला अंतिम मत विचारलंच नव्हतं. दर महिन्याला एक अर्ज: व्हिसेरा ठाण्यातून कधी गेला, प्रयोगशाळेची पोच कुठे आहे, अंतिम मत मागितलं का.

सावध. 'अटक झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही' म्हणून दोन दिवस सिव्हिलच्या आवारात बसणं ही आता रीतच झाली आहे. कधीकधी त्याने गुन्हा दाखल होतो, हे मान्य. पण सगळी माणसं तिथे अडकतात आणि तिकडे सासरी घर धुऊन निघतं. बसायचंच असेल तर अर्ध्या माणसांना पंचनाम्याच्या मागे लावा.

तपासा. अग्नी देण्याआधी: दुसरं शवविच्छेदन हवंय का? शंका असेल तर आत्ताच, लेखी. नंतर या प्रश्नाला अर्थ नाही.

## ५. फिर्याद

पूर्ण लेखातलं एकच वाचणार असाल तर हे वाचा.

फिर्याद द्यायला बसण्याआधी तासभर बाजूला जा. आई, बहीण आणि तिची एखादी मैत्रीण यांना एकत्र बसवा. बापाला बहुधा सगळं माहीत नसतं. पोरी बापाला सांगत नाहीत. मग एका वहीत लिहा: कधी, कुठे, कोणी, काय केलं, काय बोललं, तुम्हाला कसं कळलं.

तारीख आठवत नाही, असं प्रत्येक जण म्हणतो. सण आठवतो. 'आखाजीला आली होती, हातावर डाग होता.' २०२४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी होती, म्हणजे तारीख मिळाली. कानबाईला आलीच नाही, भाऊबीजेला नवऱ्याने गाडीतूनच परत नेली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा समजूत काढायला गेले. असे चार-पाच खिळे ठोकले की बाकीचं त्यांच्यावर टांगता येतं. 'लग्नानंतर दोन-तीन महिन्यांपासून वारंवार' या शब्दांवर काहीच टिकत नाही.

आता ते हुंड्याचं. कलम ८० लागायला चार गोष्टी हव्यात: लग्नापासून सात वर्षांच्या आतला मृत्यू, तो नैसर्गिक नसणं, मृत्यूच्या 'थोडं आधी' छळ, आणि तो छळ हुंड्याच्या मागणीशी जोडलेला असणं. 'थोडं आधी' म्हणजे आदल्याच दिवशी असं नव्हे. छळ आणि मृत्यू यांच्यात जिवंत धागा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केलं. चारही सिद्ध झाल्या तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या) कलम ११८ प्रमाणे न्यायालय आरोपींविरुद्ध गृहीतक धरतं. खरोखर मागणी झाली असेल तर हे मोठं बळ आहे: बोअरवेलसाठी दोन लाख, ट्रॅक्टरचा हप्ता, सुरतेत गाळा घ्यायला पैसे. कोणी, कोणासमोर, किती मागितले, पैसे दिले असतील तर कुठून काढले, हे लिहा. सोसायटीचं कर्ज, कापसाची पट्टी, गहाण ठेवलेलं सोनं, याचे कागद असतात.

पण मागणी झालीच नसेल आणि खरं कारण नवऱ्याचा संशय, दारू किंवा बाहेरचं लफडं असेल तर तेच लिहा. हुंडा जोडला की काय होतं पाहा. उलटतपासात वकील विचारतो, मागणी कधी झाली, कोणासमोर? आई एक सांगते, मामा दुसरं. मागणी पडते, तिच्यासोबत कलम ८० पडतं. आणि आई एका मुद्द्यावर बनाव करते असं एकदा दिसलं की मारहाणीबद्दल ती खरं बोलत होती, त्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. जो माणूस खुनासाठी आत जायला हवा तो अशाने सुटतो.

नावांचंही तसंच. सासू, सासरे, दीर, जाऊ, सुरतेला दिलेली नणंद, तिचा नवरा: सगळे आत गेले पाहिजेत, ही भावना मी समजू शकतो. सर्वोच्च न्यायालय मात्र २००० सालापासून सांगत आलंय की सगळ्या नातेवाइकांना गोवण्याच्या वृत्तीने खऱ्या आरोपीविरुद्धची केस दुबळी होते, आणि २०२२ साली मोघम आरोपांवरचा गुन्हा नातेवाइकांपुरता रद्दही केला. नणंदेचं नाव वगळायला उच्च न्यायालयात अर्ज जातो, मुद्दा लांबतो, आणि 'फिर्यादी कोणालाही गोवतो' हे तिथेच कागदावर येतं. ज्याच्या नावापुढे निदान एक ठोस कृती लिहिता येते, त्याचंच नाव लिहा. बाकीच्यांची चौकशी व्हावी, एवढी एक ओळ पुरे.

कलमांबद्दल एकच सांगतो. अंगावर मारहाणीच्या खुणा असतील, गळ्याबद्दल शंका असेल, तर '८० आणि ८५ लावलंय, पुरे' यावर समाधान मानू नका. खुनाचं १०३ पर्यायी म्हणून लागू शकतं. त्याला हुंड्याचा पुरावा लागत नाही, लग्नाच्या वर्षांची मोजणी लागत नाही. उलट, खुनाला आधार देणारा पुरावाच नसेल तर केवळ रागापोटी ते लावून घेण्यातही अर्थ नाही, न्यायालयाने तसंही सांगितलं आहे.

उशीर झालाय? फिर्यादीतच कारण लिहा: अंत्यविधी, आईची तब्येत, ठाण्यातून परत पाठवलं. ती ओळ नसली की बचाव पक्षाचा वकील म्हणतो, चार दिवस विचार करून रचलेली गोष्ट.

घेतच नसतील तर: फिर्याद लेखी लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). तरीही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज, कलम १७५(३). दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद करायलाच हवी, हे घटनापीठाने २०१३ सालीच सांगितलंय.

मृत्यू सुरत, बऱ्हाणपूर, सेंधव्याला झाला असेल तर: आपल्या अर्ध्या पोरी सुरतेला उधना-लिंबायतमध्ये दिलेल्या. हद्द आमची नाही म्हणून अमळनेर किंवा शिंदखेड्याचं ठाणं परत पाठवू शकत नाही. शून्य क्रमांकाने नोंदवून त्यांनी गुन्हा तिकडे वर्ग करायचा असतो. तरी देह तिकडे असेतोवर एका माणसाने तिकडेच थांबावं. तिथले पंचनामे गुजरातीत असतील, ते वाचता येणारा माणूस सोबत घ्या.

तपासा. सही करण्याआधी फिर्याद मोठ्याने वाचून घ्या. प्रत फुकट मिळते, तिच्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

## ६. मोबाईल, चिठ्ठ्या, सीसीटीव्ही

तिचा फोन सासरीच असेल तर तो आणि नवऱ्याचा फोन जप्त करा, असा लेखी अर्ज. आईच्या, बहिणीच्या फोनमधल्या चॅट आणि व्हॉइस नोट्स जिथल्या तिथे ठेवा. फोन विकू नका, रीसेट करू नका, मजकूर पुसून 'महत्त्वाचा तेवढाच' ठेवू नका. स्क्रीनशॉट हा दुय्यम. मूळ फोन हजर करता आला पाहिजे, किंवा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दुकानाच्या, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यावर थोड्याच दिवसांत नवं चित्रण चढतं, म्हणून तो अर्ज पहिल्या आठवड्यातच.

पत्रं असतील तर सगळी द्या. बाजूची तेवढीच काढून दिली आणि 'मी इथं सुखात आहे' लिहिलेलं पत्र बचाव पक्षाने आणलं, तर वाट लागते. पुण्यातल्या एका विवाहितेच्या सायनाइडने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं केंद्रस्थानी होती. खालच्या न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष सोडलं. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, हे त्या पत्रांतूनच निघालं. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं तिथली. आजही प्रत्येक सत्र न्यायालयात तोच निकाल वाचला जातो. 'त्यानेच केलं असेल' आणि 'त्यानेच केलं' यातलं अंतर साखळीतल्या प्रत्येक कडीने भरून काढावं लागतं.

## ७. जबाब, आणि घरातलं लेकरू

फिर्यादीवर तुमची सही असते. पोलिसांपुढच्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते. त्यामुळे लोक तो वाचतही नाहीत. दीड-दोन वर्षांनी कोर्टात नवं काही सांगितलं की 'हे पोलिसांना सांगितलं नव्हतं' अशी नोंद होते. राहिलेलं आठवलं तर आठवड्याभरात पुरवणी जबाब द्या. महत्त्वाच्या साक्षीदाराचा, म्हणजे शेजारीण, मोलकरीण, तिची मैत्रीण, यांचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवून घ्यायला सांगा. फितूर होण्याआधी माणूस मग दोनदा विचार करतो.

चार-पाच वर्षांचं मूल त्या रात्री घरात असेल तर तेच बहुधा एकमेव साक्षीदार असतं. वय लहान म्हणून साक्ष बाद होत नाही. बाद होते ती पढवल्यामुळे. त्याला आत्या-मामांनी फिरून फिरून विचारू नये, पत्रकारांपुढे तर मुळीच उभं करू नये. मूल सासरीच असेल तर ताब्यासाठीचा अर्ज लगेच करा. ते तिकडे राहिलं तर त्याचा जबाब काय येणार, ते सांगायला नको.

## ८. तपासाचे नव्वद दिवस

आरोपी कोठडीत असताना नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर हुंडाबळी किंवा खुनाच्या गुन्ह्यातही त्याला जामिनाचा हक्क मिळतो. पंचाहत्तराव्या दिवशी विचारायला जा. प्रगती फिर्यादीला कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. जामीन अर्जाला विरोध करण्याचा तुम्हालाही हक्क आहे, २०२२ साली तो सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला.

याच काळात, गंधमुक्ती (दिवसकार्य) झाली की समाजातली चार माणसं येतात. पोराच्या नावावर दोन एकर करून देतो, मिटवून टाका. खून आणि हुंडाबळी हे गुन्हे तडजोडीने मिटत नाहीत. पैसे घेऊन कोर्टात जबाब फिरवला तर खोट्या साक्षीचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. नातवाचा हक्क वेगळा, तो खटल्याशी बांधू नका. आणि लग्नात दिलेलं आंदण: हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू झाला तर ते तिच्या मुलांचं, मुलं नसतील तर आई-वडिलांचं. यादी करून मागा.

पोलिसांनी समरी अहवाल पाठवला, म्हणजे प्रकरण बंद करायची शिफारस केली, तर न्यायालयाने तुम्हाला नोटीस देऊन ऐकायला हवं. नोटिशीच्या पत्त्यावर तुम्ही राहता ना, एवढं बघा. सुरतेला कामाला गेलेल्या बापाच्या नोटिशी गावच्या बंद घरातून परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

## ९. कोर्टात

सरकारी वकील तुमचे आहेत, पण त्यांच्या हातात त्या दिवशी वीस फायली असतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे (या टप्प्यातली पुढची कलमंही तिचीच) तुमचा वकील त्यांना साहाय्य करू शकतो. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. बाईला उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज आईच्या नावाने करा. फोन १५१००.

दोषारोपपत्र हातात आलं की या क्रमाने वाचा: आधी शवविच्छेदन, मग सीए रिपोर्ट, मग पंचनामे, शेवटी जबाब. बहुतेक जण उलटं वाचतात आणि जबाबांतच अडकतात. काही राहिलं असेल तर पुढील तपासाचा अर्ज कलम १९३(९) खाली, आरोपात खून नसेल आणि कागद तो दाखवत असतील तर कलम २३९ खाली.

साक्षीला जाताना फिर्याद पाठ करून जाऊ नका. घडलं ते आठवून जा. 'माहीत नाही' हे उत्तर चालतं. पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रत्येक पुराव्याबद्दल विचारतात, कलम ३५१. त्या दिवशी वकिलासह हजर राहा. जी बाब आरोपीपुढे ठेवली गेली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. १९८४ च्या त्या खटल्यात काही परिस्थिती याच कारणाने बाजूला ठेवाव्या लागल्या होत्या.

निर्दोष सुटला तर सरकार अपील करेल की नाही याची वाट पाहत बसू नका. कलम ४१३ प्रमाणे पीडिताचे वारस म्हणून तुम्ही स्वतः अपील करू शकता, त्याला आधी परवानगी लागत नाही, हे २०१८ साली ठरलंय. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकून मग घरी या.